लहान कुटुंबाची बरकत गेली कुठे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. आजोबांना सात मुलं आणि बारा माग. वडिलांना तुम्ही आणि बहीण अशी दोनच मुलं, आणि वाटणीत आलेले चार माग. तुम्हाला एक मुलगी, नोकरी पुण्यात, आणि सोलापूरचे माग आता भंगारात द्यायचे का, यावर घरात रोज बोलणी. तुम्ही विचारता की 'लहान कुटुंब, सुखी कुटुंब' हे भिंतीवर वाचत आपण मोठे झालो, घरं खरंच लहान झाली, मग बरकत का दिसत नाही? आणि २०२४मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू 'जास्त मुलं होऊ द्या' म्हणाले, ते ऐकून सोलापूरसारख्या शहरानं काय धरायचं?

नोकरीचा बहुतेक काळ मी सोलापुरात सहकारी बँकेच्या कर्जविभागात काढला. कर्जाच्या फाइलमध्ये अख्खं घर असतं. कमावते किती, खाणारे किती, जामीन कोण राहतंय, लग्नाची मुलगी आहे का, आईवडील कुणाकडे आहेत. लोकसंख्या आणि अर्थव्यवस्था यांचा संबंध मला पुस्तकाआधी तिथे कळला. त्या अनुभवावरून सांगते: बरकत आली होती. ती सोलापुरातच तयार झाली, बायकांच्या कष्टातून तयार झाली, आणि तिचा मोठा हिस्सा शहराबाहेर गेला. खर्चाचा जो भाग मागे राहिला, तो म्हातारपणाचा.

आधी आकडे, कारण त्यांच्याशिवाय बोलणं हवेत राहतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ला महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी २.९ मुलं होती. २०१९-२१च्या पाहणीत हा आकडा १.७ झाला, शहरांत १.५. पिढीला पिढी पुरायची तर २.१ लागतात. म्हणजे आपलं राज्य त्या रेषेच्या खाली येऊन बरीच वर्षं झाली. सोलापूर शहराची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत ८ लाख ७२ हजार होती, २०११ला ९ लाख ५१ हजार. दहा वर्षांत जेमतेम ९ टक्के वाढ. त्याच काळात राज्याची शहरी लोकसंख्या २३ टक्क्यांहून जास्त वाढली. एवढा फरक नुसत्या कमी जन्मांनी पडत नाही. माणसं बाहेर गेल्याशिवाय तो पडत नाही.

मुलं कमी झाली की काही वर्षं घरात खाणारी तोंडं कमी आणि कमावते हात जास्त, असा काळ येतो. अर्थशास्त्रात याला लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. हा काळ काही दशकांचाच असतो, मग तेच कमावते म्हातारे होतात. त्या दशकांत हातांना चांगलं काम मिळालं, घरात शिल्लक पडली आणि ती शिल्लक त्याच गावात गुंतवली गेली, तरच गाव वर येतं. तीन्हींतली एक गोष्ट चुकली तरी लाभांश दुसऱ्याच्या खात्यात जातो. सोलापुरात तीन्ही थोड्या थोड्या चुकल्या.

हे शहर मुळात बाहेरून आलेल्या माणसांनी उभं केलेलं आहे, हे आपण विसरतो. १८७६-७८च्या दुष्काळाच्या काळातच, १८७७मध्ये, इथे जुनी गिरणी उभी राहिली. निजामाच्या मुलखातून, आजच्या तेलंगणातून, पद्मशाली विणकर कुटुंबं आली आणि येतच राहिली. पूर्व भागात आजही घरात तेलुगू आणि बाजारात मराठी चालते. तेव्हा मोठं कुटुंब हीच विणकराची पुंजी होती. एक जण मागावर, एक ताणा लावायला, बायका-मुलं कांड्या भरायला. पाच वर्षांच्या पोरालासुद्धा काम असायचं. सात मुलं असणं हा तुमच्या आजोबांचा अडाणीपणा नव्हता. त्या धंद्यात जास्त मुलं म्हणजे बिनपगारी कामगार आणि म्हातारपणाची सोय, दोन्ही होतं.

ते गणित बदललं शाळेमुळे. मूल शाळेत गेलं की कांडी भरत नाही, वर त्याला वह्या, गणवेश, शिकवणी, कॉलेजची फी लागते. कमावणारं मूल खर्चाचं झालं, तेव्हा आईबापांनी आपणहून मुलं कमी केली. सरकारी शस्त्रक्रिया शिबिरांनी मार्ग दाखवला हे खरं, पण निर्णय घरातल्या हिशेबानं झाला. आणि तो हिशेब सोलापुरात बहुतेक वेळा बाईच्या कमाईवर उभा होता.

विडी घरकुल म्हणजे विडी कामगारांची वसाहत. तिथलं कुठलंही घर डोळ्यांसमोर आणा. सकाळी बाई कारखान्यात जाऊन वळलेल्या विड्या देते, त्यातल्या छाट म्हणून काढलेल्या विड्या पदरच्या जातात, आणि नवी पानं-तंबाखू घेऊन ती घरी येते. पानं भिजवायची, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची, सुपात तंबाखू घेऊन वळत बसायचं, दोरा गुंडाळायचा. हात थांबवता येत नाहीत, कारण मजुरी हजार विड्यांवर मिळते. पूर्वी शेजारी बसलेली आठ वर्षांची मुलगी विडीचं तोंड बंद करून द्यायची, त्यामुळे हजाराचा आकडा संध्याकाळपर्यंत गाठता यायचा. तिच्याच आईनं पुढे ठरवलं की ही शाळेत जाईल. म्हणजे आईनं दोनदा किंमत मोजली. मुलीचे हात गेले म्हणून रोजची मजुरी घटली, आणि वर फी आली. सोलापुरात शिकून पुण्याला गेलेल्या किती इंजिनिअरांचं, नर्सचं, बी.कॉम. झालेल्यांचं शिक्षण विड्यांवर झालं, याची नोंद कुठल्याच खात्यात नाही. मी मात्र शैक्षणिक कर्जाच्या अर्जांवर वडिलांचा व्यवसाय 'यंत्रमाग कामगार' आणि आईचा 'विडी कामगार' असं इतक्या वेळा वाचलंय की त्याविषयी मला शंका उरलेली नाही.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळ्या प्रश्नाचं मूळ मला तिथे दिसतं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्या बायकांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुषांची अर्धा टक्काही नाही. आपल्याकडे मुलीचं लग्न लवकर होतं. राज्यात २०-२४ वयोगटातल्या साधारण २२ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि सोलापूर जिल्हा या बाबतीत सरासरीपेक्षा मागे आहे. लवकर लग्न, लगोलग दोन मुलं, आणि पंचविशीच्या आसपास शस्त्रक्रिया. म्हणजे पंचविशीत या बाईचं बाळंतपण कायमचं संपतं. पुढे कामाची तीस-पस्तीस वर्षं तिच्यापुढे असतात. जगातल्या ज्या देशांनी लाभांश पदरात पाडून घेतला, त्यांनी नेमकी हीच वर्षं वापरली. बाई कारखान्यात गेली, पगार वाढला, तिच्या बचतीतून पुढची गुंतवणूक झाली. सोलापूरनं तिला त्या पस्तीस वर्षांसाठी काय दिलं? घरात बसून विडी वळणं. तेही आता आठवड्याचे सगळे दिवस मिळत नाही.

ती बाहेर का पडत नाही, असं विचारणाऱ्यांनी तिचा दिवस बघावा. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ९७ मिनिटं. सोलापुरात यावर आणखी भर पडते ती पाण्याची. कित्येक वर्षं या शहरात चार-पाच दिवसांआड पाणी येतं. उजनी धरण जिल्ह्यातच आहे, तरी ही स्थिती. पाण्याच्या दिवशी टाकी, पिंप, घागरी, कपडे, सगळं उरकायचं, आणि पाणी कधी येईल याची वेळ पक्की नसते. जिला सकाळी नऊला शिवणकामाच्या युनिटवर हजर व्हायचंय, तिची पाण्याच्या दिवशी हमखास रजा पडते. चार रजा झाल्या की मालक दुसरी बघतो. म्हणून ती विडीच धरून ठेवते, कारण विडी पाण्याच्या वेळेशी जुळवून घेते. उजनीहून शहरात पाणी आणणाऱ्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीचा प्रश्न हा महापालिकेचा तांत्रिक प्रश्न आहे असं समजू नका. शहरातल्या हजारो बायकांच्या मजुरीचा तो प्रश्न आहे.

देशात बायकांचा कामातला सहभाग वाढलाय, हे खरं आहे. श्रमशक्ती पाहणीत २०१७-१८ला तो २३ टक्के होता, २०२३-२४ला जवळपास ४२. पण यातला मोठा भाग स्वतःचं छोटं काम करणाऱ्या किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या बायकांचा आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करणारे बचतगट मला मनापासून आवडतात. त्यांना कर्ज देताना मला कधी भीती वाटली नाही, हप्ता चुकत नसे. पण भाकरी थापून घर चालतं, पुढच्या पिढीची पुंजी उभी राहत नाही. ती महिन्याच्या पगारानं, भविष्य निर्वाह निधीनं, नियमित कामानं उभी राहते. सोलापुरात गणवेश आणि तयार कपड्यांचा धंदा वाढलाय, त्यात ही शक्यता आहे. युनिट घरकुलाजवळ असेल, शेजारी पाळणाघर असेल आणि पाण्याची वेळ ठरलेली असेल, तर विडी वळणारी बाई तिथे जाईल.

आता तुमच्या मागांकडे येते. एकत्र कुटुंब ही सोलापूरची सर्वांत जुनी कंपनी होती. थोरला भाऊ सूत बाजार सांभाळायचा, मधला मागांवर उभा राहायचा, धाकटा चादरी-टॉवेलांचे गठ्ठे घेऊन व्यापाऱ्यांकडे फिरायचा. शिलाई आणि घडी घरातल्या बायका करायच्या, त्यांचा पगार कुणीच लावायचं नाही. सूत महागलं की सगळे मिळून पोट आवळायचे. बँकेला अशा घराला कर्ज द्यायला बरं वाटायचं, कारण एक आजारी पडला तरी दुसरा होता. बारा मागांचा कारखाना तीन भावांत वाटला की प्रत्येकाला चार माग येतात, पण सूत बाजारातली पत तीन ठिकाणी वाटता येत नाही, आणि व्यापाऱ्याशी घासाघीस करायची ताकदही नाही. चार मागांवर नवा, वेगानं चालणारा रेपियर माग घेण्याइतकं कर्ज कुणी देत नाही. मग साधे जुने माग, बारा तासांची पाळी, आठवड्याचा पगार, यावर जेवढं चालतं तेवढं चालतं. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनानं माग बदलत नाही. त्यासाठी भांडवल लागतं, आणि पुढची तीस वर्षं तो माग चालवणारा घरातला कुणीतरी लागतो. एकुलता मुलगा पुण्यात असेल तर साठीच्या बापानं कर्ज कशाला काढावं? बापाचा निर्णय शहाणपणाचाच असतो. पण असे शहाणपणाचे हजार निर्णय मिळून एक उद्योग म्हातारा होतो.

तुमच्या घराची शिल्लक कुठे गेली, तेही सांगते. शिकलेली मुलं गेली, त्यांच्यामागे पैसा गेला. एका काळानंतर आमच्या बँकेत एक चित्र पक्कं झालं. ठेवी ज्येष्ठ नागरिकांच्या, त्यांना अर्धा टक्का जादा व्याज, दरवर्षी नूतनीकरण. कर्ज मागणारा तरुण मात्र समोर येईना, कारण तो हडपसरला किंवा हिंजवडीला होता आणि त्याचं गृहकर्ज तिकडच्या बँकेत होतं. मग एक दिवस वडील ठेव मोडायला यायचे. 'पोराला फ्लॅटसाठी द्यायचेत.' काही जण जुळे सोलापुरातला प्लॉट विकून द्यायचे. मी त्यांना कधी अडवलं नाही, कुठल्या तोंडानं अडवणार? पण हिशेब बघा. तीस वर्षं सूत, विडी आणि चादरीतून साठलेला पैसा एका सहीनं पुण्याच्या जमिनीच्या भावात जातो. तिथल्या बिल्डरला, गवंड्याला, दुकानदाराला त्यातून काम मिळतं. इथल्या सुताराला मिळत नाही. हुतात्मा एक्सप्रेसनं माणसं परत येतात, गड्ड्याच्या यात्रेला, दिवाळीला. पैसा तसा परत येत नाही.

लग्नाचं थोडक्यात. डिसेंबर २०२२मध्ये सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयावर अविवाहित तरुण बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून मोर्चानं गेले होते. टीव्हीवर लोक हसले. मला हसू आलं नाही. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे २००१ला ९१३ मुली होत्या, २०११ला ८९४. जिल्ह्यात त्याहून कमी. 'मूल कमी हवं, पण मुलगा हवाच' या हट्टाचं ते फळ आहे. आणि ज्या मुली आहेत, त्या शिकल्यात, त्यांना शेतावर किंवा चार मागांच्या घरात जायचं नाही. मग मुलाकडचे शहरात फ्लॅट दाखवण्यासाठी शेत विकतात, लग्नासाठी वैयक्तिक कर्ज काढतात. ते कर्ज उत्पादक नसतं. त्यातून ना माग येतो, ना बागेला ठिबक.

आता म्हातारपण. महाराष्ट्रात २०११ला साठीपुढचे लोक साधारण १० टक्के होते. केंद्राच्या तज्ज्ञ गटाच्या अंदाजानुसार २०३६पर्यंत ते १७ टक्क्यांच्या आसपास जातील. ज्या गावातून तरुण गेलेत तिथे हा आकडा याहून मोठा असणार, हे उघड आहे. ती विडी वळणारी बाई आता साठीची झालीय. पाठ वाकलीय, बोटं दुखतात, तंबाखूच्या धुळीनं खोकला. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतलं किमान निवृत्तिवेतन २०१४पासून महिना १००० रुपये आहे, तेही जिच्या नावावर नीट नोंद आणि मजुरीतून कपात झाली तिला. लाभांशाचा सगळ्यात मोठा वाटा जिनं कमावला, तिला शेवटी हजार रुपये. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. कुंभारीला असंघटित कामगारांची घरकुलं झाली, ते चांगलं झालं. पण त्या घरात तिला पाणी कोण देणार, दवाखान्यात कोण नेणार, याचं उत्तर अजून एकच आहे: जवळ राहणारी लेक किंवा सून. तिनं आपलं काम सोडायचं. म्हणजे एका बाईचं म्हातारपण दुसऱ्या बाईच्या मजुरीतून भागतं.

नायडूंचं म्हणणं याच चिंतेतून आलंय. दक्षिणेत म्हातारे वाढताहेत, तरुण घटताहेत. पण जास्त मुलं हा सोलापूरसाठी उपाय नाही. आज जन्मलेलं मूल कमवायला लागेपर्यंत वीस-बावीस वर्षं जातील, आणि इथे काम नसेल तर तेही पुण्याच्या गाडीत बसेल. तोवर बाळाचं करायला आणि म्हाताऱ्यांचं करायला तीच एक बाई. ज्या देशांनी बक्षिसं देऊन जन्म वाढवायचा प्रयत्न केला, त्यांनाही तो फारसा जमला नाही. मला विचाराल तर सोलापूरनं माणसं मोजणं थोडं बाजूला ठेवावं आणि आहेत त्या माणसांचे तास मोजावेत. बायकांचे किती तास पाण्यात जातात, किती विडीत, किती आजारी माणसाच्या उशाशी. पुढची जनगणना २०२७ला आहे. तोपर्यंत महापालिका पाण्याची वेळ पाळू लागली, पाळणाघरं निघाली आणि वृद्धांची सेवा हे शिकवून पगारानं करायचं काम झालं, तर शिकलेल्या काही मुलींना गाव सोडावं लागणार नाही.

तुमच्या घरापुरतं बोलायचं तर चार माग वडिलांच्या हयातीत, वडिलांना विचारून, विका. एकट्याच्या बळावर ते चालणार नाहीत. पण आलेले पैसे तुमच्या फ्लॅटच्या कर्जात घालू नका. आईवडिलांच्या संयुक्त नावावर ठेवा, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' अशी सूचना लिहून, आणि दोघांचा आरोग्य विमा वय वाढायच्या आत घ्या. राहतं घर त्यांनी आत्ताच कुणाच्या नावावर करू नये. केलंच, तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहावी. सांभाळ झाला नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, पण त्यासाठीचं २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ ती अट असली तरच कामाला येतं.

राहिली बहीण. तुम्ही प्रश्नात एका ओळीत लिहिलंय की ती सोलापुरातच दिलेली आहे आणि 'ती बघतेच आईबाबांचं'. ती शिकवण्या घेत होती आणि वडिलांच्या आजारपणात तिनं त्या बंद केल्या, हेही तुम्हीच लिहिलंय. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत तिचा हक्क तुमच्याएवढाच आहे, तेव्हा 'हक्कसोड करून घेतो' हा विचार सोडा. आणि त्याशिवाय दर महिन्याला तिच्या खात्यात रक्कम पाठवा, बंद झालेल्या शिकवण्यांइतकी तरी. किती, ते तिला विचारा. पहिल्यांदा ती नको म्हणेल. तरी पाठवा.